डॉ. होमी भाभा आणि टिफ्रॅक

(भारतातील अणुविज्ञानाचा पाया घालणारे शास्त्रज्ञ म्हणून डॉ. होमी भाभा यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु आपल्या देशात संगणक तयार व्हावा म्हणूनही त्यांनी मोठे धाडस केले, हे फारसे कोणाला माहीत नसते. या पाठात त्यांच्या जीवनाची ओळख करून दिली आहे. त्याबरोबरच संगणक कसा विचार करतो, आज्ञावली म्हणजे काय आणि अनेक संगणक एकमेकांशी कसे बोलतात, हेही सोप्या भाषेत सांगितले आहे.)

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबई येथे एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील जहांगीर भाभा हे नामांकित कायदेपंडित होते. आईचे नाव मेहेरबाई. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख अधिकारी होते. त्यांची आत्या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी होत्या. त्यामुळे उद्योग, शिक्षण आणि देशाची प्रगती या विषयांवरच्या गप्पा होमींच्या कानांवर लहानपणापासून पडत असत.

घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता. पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्याही होत्या. होमींना वाचनाची, संगीताची आणि चित्रकलेची सारखीच आवड होती. जहांगीर लालकाका या चित्रकारांकडे ते चित्रकला शिकले. शाळेत गणित आणि विज्ञान हे त्यांचे आवडते विषय. अभ्यासाच्या पुस्तकांपलीकडचे वाचण्याची त्यांना सवय होती. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेच्या सिद्धान्ताची ओळख त्यांनी कोवळ्या वयातच करून घेतली होती.

मुंबईतील शिक्षण संपल्यावर 1927 साली ते इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेले. त्यांनी यंत्रशास्त्राचे अभियंते व्हावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात आणि गणितात रमले होते. त्यांनी वडिलांना आपले मन मोकळेपणाने कळवले. वडिलांनी त्यावर एक अट घातली. आधी अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हायची, मग गणित शिकण्याची परवानगी. होमींनी हट्ट केला नाही, की नाराज होऊन अभ्यासही सोडला नाही. 1930 साली त्यांनी ती परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली आणि वडिलांनी आपला शब्द पाळला. 1932 साली गणिताच्या परीक्षेतही त्यांना पहिला वर्ग मिळाला. अभियंत्याचे ते शिक्षण वाया गेले नाही. पुढे मोठमोठी यंत्रे उभारताना ते त्यांच्या फार उपयोगी पडले.

केंब्रिजमध्ये त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन केले. अवकाशातून पृथ्वीकडे सतत सूक्ष्म कणांचा वर्षाव होत असतो, त्यांना विश्वकिरण म्हणतात. या विषयावरील लेखांमुळे भाभांचे नाव जगभरातील शास्त्रज्ञांना माहीत झाले. 1939 साली ते सुट्टीसाठी भारतात आले आणि त्याच वेळी युरोपात दुसरे महायुद्ध सुरू झाले. परत जाण्याचा मार्ग बंद झाला. तेव्हा ते बंगळूरच्या विज्ञान संस्थेत काम करू लागले. सर सी. व्ही. रामन तेथे होते. 1941 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने भाभांना आपले सदस्यत्व दिले. त्या वेळी त्यांचे वय केवळ 31 वर्षांचे होते.

युद्ध संपल्यावर परदेशात मानाची नोकरी मिळवणे त्यांना मुळीच कठीण नव्हते. परंतु बंगळूरच्या त्या वर्षांत त्यांच्या मनात एक वेगळाच विचार पक्का झाला. चांगले संशोधन करायला आपल्या हुशार तरुणांनी दरवेळी परदेशात का जावे? तशी संस्था आपल्याच देशात का असू नये? मार्च 1944 मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून अशा संस्थेची कल्पना मांडली. ती मान्य झाली. 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. काही महिन्यांतच ती मुंबईत पेडर रोडवरील त्यांच्या एका नातेवाइकांच्या बंगल्यात आली. माणसे थोडी, जागा अपुरी आणि यंत्रे त्याहून थोडी, अशी त्या संस्थेची सुरुवात होती.

देश स्वतंत्र झाल्यावर 1948 साली अणुशक्ती आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ऑगस्ट 1956 मध्ये सुरू झाली. अणुभट्टीचा नकाशा काढणे असो, की विश्वकिरणांचा अभ्यास असो, प्रत्येक कामात प्रचंड आकडेमोड करावी लागे. एकेका प्रश्नासाठी हजारो बेरजा आणि गुणाकार करावे लागत. माणसे हाताने फिरवायच्या गणकयंत्रांवर दिवसचे दिवस हिशोब करत बसत. एखादा आकडा चुकला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये त्या काळी इलेक्ट्रॉनिक संगणक तयार होऊ लागले होते. भारतात 1955 च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने इंग्लंडहून एक संगणक आणला. भाभांच्या संस्थेपुढे प्रश्न उभा राहिला. आपणही एखादा संगणक विकत आणावा, की तो स्वतः तयार करावा?

विकत आणणे सोपे होते. पण परकीय चलनाची टंचाई होती. शिवाय आणलेले यंत्र बिघडले, तर दुरुस्तीसाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहावे लागले असते. स्वतः तयार करणे मात्र फार धोक्याचे होते. संगणक बनवण्याचा अनुभव देशात जवळजवळ कोणालाच नव्हता. लागणारे सुटे भाग बाजारात सहज मिळत नव्हते. एवढा पैसा खर्च करून यंत्र चाललेच नाही, तर संस्थेचे हसे झाले असते. भाभांनी तरीही दुसरा मार्ग निवडला. यंत्र विकत मिळते, पण ते बनवण्याचे ज्ञान विकत मिळत नाही, हे ते जाणून होते.

त्यांनी हे काम तरुणांच्या हाती सोपवले. त्यांचे प्रमुख होते रंगस्वामी नरसिंहन. ते अमेरिकेत गणिताचे उच्च शिक्षण घेऊन 1954 साली या संस्थेत आले होते. त्यांच्या गटातील बहुतेकांनी संगणक डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. परदेशी विद्यापीठांनी प्रसिद्ध केलेले अहवाल वाचायचे, आकृत्या समजून घ्यायच्या, जोडणी करायची, चुकली तर सोडवायची आणि पुन्हा करायची, असे काम सुरू झाले. आधी एक लहान नमुना-यंत्र बनवायचे त्यांनी ठरवले. 1956 च्या अखेरीस ते यंत्र चालू झाले. त्यामुळे सर्वांचा आत्मविश्वास वाढला आणि मोठ्या यंत्राचे काम हाती घेण्यात आले. ते मोठे यंत्र 1960 साली नियमित कामाला लागले. भारतात तयार झालेला तो पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक होय. जानेवारी 1962 मध्ये पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते कुलाब्यातील संस्थेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हा या यंत्राला ‘टिफ्रॅक’ असे नाव देण्यात आले. संस्थेच्या इंग्रजी नावातील अक्षरे जुळवून हे नाव बनले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हे यंत्र आजच्या संगणकासारखे टेबलावर मावणारे नव्हते. त्याला एक मोठे दालन लागत असे. त्यात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या. निर्वात नळी म्हणजे जुन्या रेडिओत दिव्यासारखी लुकलुकणारी काचेची नळी. या नळ्या खूप तापत, म्हणून दालन थंड ठेवावे लागे. एखादी नळी निकामी झाली, तर ती शोधून बदलावी लागे.

आता प्रश्न असा, की या नळ्यांना हिशोब कसा कळायचा? संगणकाला खरे म्हणजे दोनच गोष्टी कळतात. वीज वाहते आहे किंवा वाहत नाही. वाहत असेल तर 1 समजायचे आणि नसेल तर 0. समजा, तुमच्यासमोर चार दिवे ओळीने मांडले आहेत. डावीकडून पहिल्या दिव्याची किंमत 8, दुसऱ्याची 4, तिसऱ्याची 2 आणि चौथ्याची 1 आहे. तुम्हाला 13 ही संख्या दाखवायची आहे. मग 8, 4 आणि 1 यांचे दिवे लावा आणि 2 चा दिवा बंद ठेवा. 8 अधिक 4 अधिक 1 म्हणजे 13. हेच आकड्यांत लिहिले तर 1101 असे होते. केवळ 0 आणि 1 यांनी संख्या लिहिण्याच्या या रीतीला द्विमान पद्धती म्हणतात. त्यातील प्रत्येक 0 किंवा 1 या अंकाला बिट म्हणतात. टिफ्रॅकमधील एका संख्येसाठी असे 40 बिट होते.

संख्या साठवण्यासाठी संगणकाला स्मृती लागते. टपाल कार्यालयात पत्रे ठेवण्यासाठी भिंतीवर खण केलेले असतात आणि प्रत्येक खणाला क्रमांक असतो, हे तुम्ही पाहिले असेल. टिफ्रॅकच्या स्मृतीत असे 2,048 खण होते. प्रत्येक खणात 40 बिट मावत. म्हणजे सगळे मिळून 81,920 बिट झाले. आपल्या हातातील मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही या स्मृतीत मावले नसते. पण एवढ्याशा स्मृतीच्या बळावर त्या यंत्राने शास्त्रज्ञांची अवघड गणिते सोडवली. संस्थेतीलच नव्हे, तर बाहेरचे संशोधकही आपले प्रश्न घेऊन तेथे येत असत.

संगणक कितीही वेगवान असला, तरी तो स्वतःहून काहीच करत नाही. त्याला प्रत्येक गोष्ट पायरीपायरीने सांगावी लागते. अशा क्रमवार आज्ञांच्या यादीला आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतात. कोल्हापूरच्या बाजारपेठेतील एक उदाहरण घेऊ. गुळाच्या सौद्याच्या वेळी गुळाचे रवे मांडलेले असतात. सर्व रव्यांचे एकूण वजन काढायचे आहे. माणसाला एवढेच सांगितले तरी पुरते. संगणकाला मात्र असे सांगावे लागेल :

1. एका खणात 0 लिहा. या खणाला ‘एकूण’ असे नाव द्या.
2. पुढच्या रव्याचे वजन घ्या.
3. ते वजन ‘एकूण’मध्ये मिळवा.
4. आणखी रवे शिल्लक आहेत का? असतील तर पायरी 2 कडे परत जा. नसतील तर पायरी 5 कडे जा.
5. ‘एकूण’मधील संख्या छापा आणि थांबा.

या पाच पायऱ्या नीट पाहा. बाहेरून घेतलेले वजन ही झाली आत जाणारी माहिती. छापलेली संख्या म्हणजे बाहेर येणारे उत्तर. चौथ्या पायरीत संगणकाला एक अट तपासायला सांगितली आहे. अट खरी असेल तर तो मागे फिरतो आणि तेच काम पुन्हा करतो. याला आवर्तन म्हणतात. रवे दहा असोत की दहा हजार, आज्ञा पाचच पुरतात. संगणकाची खरी शक्ती या आवर्तनात आहे. आणि एक पायरी चुकली तर काय होईल? पहिली पायरी लिहायची राहिली, तर त्या खणात आधीचीच एखादी संख्या पडून असेल आणि उत्तर चुकेल. चौथी पायरी चुकली, तर संगणक थांबणारच नाही. संगणक आज्ञा मोडत नाही, पण सांगणाऱ्याची चूकही तो आपणहून सुधारत नाही.

प्रश्न सोडवण्याच्या अशा क्रमवार रीतीला इंग्रजीत अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द मुळात इंग्रजी नाही. नवव्या शतकात बगदाद येथे अल् ख्वारिज्मी नावाचे थोर गणिती होऊन गेले. भारतीय अंकांनी हिशोब कसे करावेत, हे त्यांनी आपल्या ग्रंथात समजावून सांगितले. त्यांचे नाव युरोपात पोहोचता पोहोचता बदलले आणि त्यातून हा शब्द तयार झाला. भारताचे अंक, बगदादचे गणिती आणि पुढे युरोप-अमेरिकेतील यंत्रे, असा हा ज्ञानाचा लांबचा प्रवास आहे.

टिफ्रॅकच्या पहिल्या दिवसांत आज्ञाही अंकांच्याच भाषेत लिहाव्या लागत. त्यांच्या खुणा कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडून केल्या जात आणि ती पट्टी यंत्रात घातली जाई. हे काम किचकट होते. पुढे माणसाच्या भाषेला जवळ असलेल्या संगणकीय भाषा आल्या. त्या भाषेत लिहिलेल्या आज्ञांचे 0 आणि 1 मध्ये भाषांतर करणारी आज्ञावलीही तयार झाली. तुमच्यापैकी कित्येक जण घरी उर्दू बोलतात आणि वर्गात मराठी शिकतात. दोन्ही भाषा जाणणारा मित्र जसा दोन माणसांमध्ये दुभाषा होतो, तसेच काम ही आज्ञावली माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये करते. तिला कंपायलर म्हणतात.

टिफ्रॅक तयार झाला, पण तोपर्यंत जग पुढे गेले होते. परदेशात निर्वात नळ्यांच्या जागी लहानसे ट्रान्झिस्टर वापरले जाऊ लागले होते. संस्थेतील शास्त्रज्ञांची गरजही वाढली होती. भाभांनी हे सत्य मोकळ्या मनाने स्वीकारले. 1964 साली त्यांच्या संस्थेत अमेरिकेतील सीडीसी 3600 हा मोठा संगणक बसवण्यात आला. देशातील अनेक विद्यापीठांच्या संशोधकांनी त्याचा उपयोग केला. मग टिफ्रॅकचे श्रम फुकट गेले का? नाही. ज्यांनी तो बनवला, त्यांच्या हातांत आणि डोक्यात संगणकाचे ज्ञान उतरले होते. नवे यंत्र आले, तेव्हा ते चालवणारी आणि समजून घेणारी माणसे देशात तयार होती. भाभांना जे हवे होते, ते हेच.

1963 साली सरकारने इलेक्ट्रॉनिक्सच्या विकासाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली आणि भाभांना तिचे अध्यक्ष केले. रेडिओ, दळणवळणाची साधने आणि संगणक देशातच कसे तयार होतील, याची दहा वर्षांची योजना या समितीने आखली.

भाभा कामात कठोर होते, पण रुक्ष नव्हते. ते स्वतः चित्रे काढत. संस्थेच्या भिंतींवर त्यांनी भारतीय चित्रकारांची उत्तमोत्तम चित्रे लावली. पंढरपूर येथे जन्मलेले प्रसिद्ध चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचे ‘भारत भाग्य विधाता’ हे भव्य भित्तिचित्र तेथेच आहे. झाडांवरही भाभांचे प्रेम होते. इमारतीच्या आड येणारे झाड तोडण्यापेक्षा ते मुळांसकट उचलून दुसरीकडे लावावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांनी लग्न केले नाही. विज्ञान आणि कला यांतच ते रमले.

24 जानेवारी 1966 रोजी भाभा एका आंतरराष्ट्रीय बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लां शिखराजवळ कोसळले. विमानातील 117 जणांपैकी कोणीही वाचले नाही. भाभांचे वय त्या वेळी 56 वर्षांचे होते. साऱ्या देशावर दुःखाची छाया पसरली. पुढच्याच वर्षी तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

माणूस गेला, तरी त्याने लावलेले झाड वाढत राहते. भाभांच्या समितीने सुचवलेल्या मार्गाने पुढे 1970 साली केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक्सचे स्वतंत्र खाते काढले. भाभांच्या संस्थेतूनच मुंबईत संगणकाच्या आज्ञावलींचे संशोधन करणारे एक केंद्र निघाले. नरसिंहन यांनी त्याचे नेतृत्व केले. 1986 साली देशातील नामवंत शिक्षणसंस्थांचे संगणक एकमेकांना जोडण्याचा ‘एर्नेट’ हा प्रकल्प सुरू झाला, त्यात या केंद्राचा मोठा वाटा होता. भारतातील इंटरनेटचा आरंभ या प्रकल्पातून झाला. 15 ऑगस्ट 1995 पासून विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सामान्य नागरिकांनाही इंटरनेट उपलब्ध करून दिले.

अनेक संगणक एकमेकांना जोडले, की त्यांचे जाळे तयार होते. या जाळ्यातून संदेश कसा जातो? समजा, तुम्हाला कोल्हापूरहून मालेगावच्या मामूजानांना लांबलचक पत्र पाठवायचे आहे, पण जवळ केवळ पोस्टकार्डे आहेत. तुम्ही ते पत्र दहा कार्डांवर लिहाल. प्रत्येक कार्डावर मामूजानांचा पत्ता, आपला पत्ता आणि 1 ते 10 असा क्रमांक घालाल. काही कार्डे पुण्यामार्गे जातील, काही दुसऱ्या गाडीने जातील. मागची पुढे आणि पुढची मागे पोहोचतील. मामूजान क्रमांक पाहून ती जुळवतील आणि पत्र वाचतील. सातवे कार्ड आलेच नाही, तर ते पुन्हा मागवतील. संगणकांचे जाळे असेच चालते. संदेशाचे लहान तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. वाटेतील यंत्रे तो पत्ता वाचून तुकडा पुढे ढकलतात. पत्ता कसा लिहायचा, क्रमांक कोठे घालायचा, हरवलेले कसे मागायचे, याचे नियम साऱ्या जगाने एकच मानले आहेत. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. भाषा, धर्म, देश वेगळे असले, तरी नियम एक असल्यामुळे कोल्हापूरचा संगणक कैरोच्या संगणकाशी बोलू शकतो.

हे जाळे मोठ्या शहरांपुरतेच राहिले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचा सहकारी साखर कारखाना प्रसिद्ध आहे. 1998 साली त्याच्या परिसरातील कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे 70 गावांसाठी संगणकाच्या जाळ्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. उसाची नोंद, तोडणीची पाळी, गेलेल्या उसाचे वजन आणि त्याचे पैसे ही माहिती शेतकऱ्याला गावातल्या केंद्रातच मिळावी, हा त्याचा हेतू होता. एवढ्या माहितीसाठी पूर्वी कारखान्यापर्यंत खेप घालावी लागे. पुढे काही गावांत हेच काम मोबाइलवरील संदेशांनी करून पाहण्यात आले. यंत्रे बदलत गेली, गरज तीच राहिली.

डॉ. भाभांनी यातले काहीच पाहिले नाही. आपल्या मुलांना यंत्र नुसते वापरता न येता बनवताही यावे, एवढी एकच गोष्ट त्यांनी धरून ठेवली. आज आपल्या शाळेत संगणक आहे, अनेकांच्या घरात मोबाइल आहे. बटण दाबणे कोणालाही येते. त्या बटणामागे काय चालले आहे, हे विचारणारा विद्यार्थी भाभांच्या वाटेवरचा प्रवासी आहे.

शब्दार्थ

विश्वस्त निधी – लोकोपयोगी कामासाठी ठेवलेला पैसा व तो सांभाळणारी संस्था
विश्वकिरण – अवकाशातून येणारे सूक्ष्म कण
आकडेमोड – आकड्यांचा हिशोब
परकीय चलन – दुसऱ्या देशाचा पैसा
निर्वात – ज्यात हवा नाही असे
आज्ञावली – क्रमाने लिहिलेल्या आज्ञांची यादी
आवर्तन – तेच काम पुन्हा पुन्हा होणे
रवा – (येथे) गुळाची मोठी ढेप
दुभाषा – एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत सांगणारा
हसे होणे – लोकांनी थट्टा करणे
तोंडाकडे पाहणे – दुसऱ्यावर अवलंबून राहणे

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) होमी भाभांच्या वडिलांनी कोणती अट घातली?
(आ) टिफ्रॅक तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख कोण होते?
(इ) ‘अल्गोरिदम’ हा शब्द कोणाच्या नावावरून आला?
(ई) प्रोटोकॉल म्हणजे काय?

प्र. 2. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) संगणक विकत न आणता तो स्वतः तयार करण्याचा निर्णय धोक्याचा का होता?
(आ) नवा संगणक आणल्यावरही टिफ्रॅकचे श्रम फुकट गेले नाहीत, असे लेखकाला का वाटते? तुमचे मत काय?
(इ) पोस्टकार्डांच्या उदाहरणाने संगणकाच्या जाळ्याची रीत समजावून सांगा.

प्र. 3. करून पाहा.
(अ) चार दिव्यांच्या रीतीने 6, 9 आणि 15 या संख्या 0 व 1 मध्ये लिहा.
(आ) वर्गातील सर्वांत उंच विद्यार्थी शोधण्याची आज्ञावली पायरीपायरीने लिहा. एखादी अट आणि एखादे आवर्तन तिच्यात असू द्या.

प्र. 4. वाक्यात उपयोग करा.
पाया घालणे, शब्द पाळणे, हसे होणे, खेप घालणे.

प्र. 5. ‘हिशोब, कागद, इमारत, नकाशा’ हे शब्द मराठीत आणि उर्दूतही वापरतात. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधा.